सोळा राजधान्यांचा देश

जर्मनीची राजधानी कोणती, असे विचारले तर शाळेतला मुलगाही बर्लिन हे नाव सांगेल. उत्तर बरोबर आहे, परंतु ते अपुरे आहे. जर्मनी हे सोळा घटक-राज्यांचे मिळून बनलेले संघराज्य असून प्रत्येक राज्याला स्वतःची घटना, स्वतःचे विधिमंडळ आणि स्वतःचे मंत्रिमंडळ आहे. साहजिकच त्या देशात राजधान्याही सोळा आहेत. हा देश आकाराने महाराष्ट्राहून थोडासाच मोठा आणि लोकसंख्येने महाराष्ट्राहून लहान आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या संख्येचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

ह्या सोळा शहरांची नावे पाठ करण्यात विशेष अर्थ नाही. इतक्या राजधान्या झाल्या कशा, त्या टिकल्या कशा आणि त्यांच्यामुळे त्या देशातील लोकांचे हित झाले की अहित, हे पाहण्यासारखे आहे. तेच पाहण्याचा येथे विचार आहे.

१६४८ साली वेस्टफेलियाचा तह झाला, तेव्हा जर्मन मुलखात तीनशेहून अधिक लहानमोठी राज्ये होती. कोठे राजा, कोठे ड्यूक, कोठे बिशप, तर कोठे नुसते व्यापाऱ्यांचे शहर. आपल्याकडील संस्थानांची आठवण व्हावी असाच तो पसारा होता. फ्रान्समध्ये गुणी माणूस पॅरिसची वाट धरी, इंग्लंडमध्ये लंडनची. जर्मन गवयाला, चितार्‍याला, पंडिताला मात्र चार मुक्कामांच्या आत एखादा दरबार सापडे. शेजाऱ्यापेक्षा आपला राजवाडा, आपले नाटकगृह, आपला ग्रंथसंग्रह सरस असावा, अशी ह्या राजांत चढाओढ असे. तिचा खर्च रयतेच्या घामातून निघाला हे खरेच. तथापि राजे गेले तरी वाडे, ग्रंथालये आणि चित्रशाळा त्या त्या गावी राहिल्या, आणि आज त्या सर्वांसाठी खुल्या आहेत.

आजच्या राजधान्यांपैकी बऱ्याच अशा जुन्या दरबारी गावांतून आल्या आहेत. बव्हेरियाचे म्यूनिक घ्या. तेथील शरदातला बिअरचा उत्सव जगभर गाजला आहे, पण त्याचा उगम एका लग्नात आहे. १८१० साली युवराज लुडविग ह्याचा विवाह झाला, त्या निमित्ताने शहराबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत झाली आणि ती दरसाल भरू लागली. म्यूनिकची थोरवी मात्र एवढ्यावर संपत नाही. १९०३ साली तेथे स्थापन झालेले विज्ञान व यंत्रविद्या ह्यांचे संग्रहालय आपल्या प्रकारात जगातील अग्रगण्य समजले जाते.

सॅक्सनीची राजधानी ड्रेस्डेन. युरोपला चिनी मातीच्या पांढऱ्या शुभ्र भांड्यांचे रहस्य १७०८ साली उलगडले ते ह्याच गावी, आणि दोन वर्षांनी जवळच्या माइसेन येथे त्यांचा कारखाना निघाला. फेब्रुवारी १९४५ मधील बाँबवर्षावात ड्रेस्डेनची सुमारे पंचवीस हजार माणसे मेली आणि तेथील घुमटाचे प्रसिद्ध चर्च कोसळले. त्याचा ढिगारा कित्येक वर्षे तसाच ठेवला होता. पुढे जुने काळवंडलेले दगड शक्य तेथे पुन्हा बसवून ते उभारले गेले, आणि २००५ साली ते लोकांसाठी उघडले. त्याच्या शिखरावरील सोन्याचा मुलामा दिलेला क्रूस लंडनमध्ये घडला. तो घडविणाऱ्या कारागिराचा बाप त्या बाँबवर्षावात भाग घेणाऱ्या वैमानिकांपैकी एक होता.

हॅनोव्हर हे नाव आपल्या इतिहासाशीही दुरून जोडलेले आहे. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद मिळाले, आणि पुढच्याच वर्षी हॅनोव्हरचा जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर बसला. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हाही त्या गादीवर हेच घराणे होते. हॅनोव्हरच्या कायद्याप्रमाणे स्त्रीला ते राज्य मिळू शकत नव्हते, म्हणून १८३७ साली व्हिक्टोरिया इंग्लंडची राणी होताच दोन्ही राज्ये वेगळी झाली. थोर तत्त्वज्ञ व गणिती लायब्निट्झ ह्याने आयुष्याची अखेरची चाळीस वर्षे ह्याच दरबारी काढली. आज हे शहर लोअर सॅक्सनीची राजधानी आहे, आणि १९४७ पासून भरणाऱ्या उद्योगांच्या जत्रेसाठी ते ओळखले जाते.

स्टुटगार्ट ही वुर्टेम्बर्गच्या राजांची राजधानी. आज ती बाडेन-वुर्टेम्बर्ग ह्या राज्याची आहे. द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या ह्या खोलगट गावात व त्याच्या परिसरात डाइम्लरने मोटार आणि बॉशने विजेची उपकरणे घडविली. परंतु भारतीयाने हे नाव आणखी एका कारणासाठी स्मरावयास हवे. २२ ऑगस्ट १९०७ रोजी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मुंबईत जन्मलेल्या मादाम कामांनी हिंदुस्थानचा तिरंगी ध्वज फडकविला. तो ध्वज पुढे इंदुलाल याज्ञिकांनी भारतात आणला, आणि पुण्याच्या केसरीवाड्यात तो पाहावयास मिळतो. १९६८ साली मुंबई व स्टुटगार्ट ही शहरे भगिनी-शहरे झाली.

दरबारी गावांपैकी आणखी दोन सांगावयाची राहिली. बर्लिनला खेटून असलेले पॉट्सडॅम हे ब्रांडेनबुर्गचे मुख्य शहर. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकचा उन्हाळी महाल तेथे आहे, आणि १९४५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये विजयी राष्ट्रांनी पराभूत जर्मनीचे भवितव्य ठरविले तेही तेथेच. दुसरे श्वेरीन. जेमतेम लाखभर वस्तीची ही राजधानी सर्वांत लहान आहे. सरोवरातील बेटावर तिचा राजवाडा उभा आहे, आणि ड्यूकच्या त्या वाड्यात आता राज्याचे विधिमंडळ भरते. २०२४ साली हा वाडा व त्याचा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला.

राजा नसलेली गावेही ह्या मालिकेत आहेत. हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन ही शतकानुशतके व्यापाऱ्यांची स्वतंत्र शहरे होती, आणि आजही ती नुसती शहरे नसून स्वतःच राज्ये आहेत. हॅम्बुर्गची वस्ती अठरा लाखांवर आहे. समुद्रापासून शंभरएक किलोमीटर आत, एल्ब नदीवर त्याचे प्रचंड बंदर आहे. येथील नागरिकांनी १६७८ साली संगीत-नाटकाचे गृह उघडले. ते तिकीट काढणाऱ्या कोणालाही खुले होते. जे इतरत्र राजाच्या मर्जीने होई, ते येथे व्यापाऱ्यांनी केले. ब्रेमेनच्या चौकात १४०४ पासून रोलंड वीराचा दगडी पुतळा उभा आहे. शहराच्या स्वातंत्र्याची ती खूण मानली जाते. कापूस आणि कॉफी ह्यांच्या व्यापारावर हे गाव वाढले. पुण्याशी त्याचा जुना स्नेह असून औंधमधील ब्रेमेन चौक त्याची साक्ष देतो.

तिसरा गट धर्मपीठांच्या व विद्येच्या गावांचा. ऱ्हाईनकाठच्या माइन्झमध्ये गुटेनबर्गने पंधराव्या शतकाच्या मध्यास सुट्या खिळ्यांनी बायबल छापले. आज आपल्या हाती पुस्तक स्वस्तात पडते, त्याचे मूळ तेथे आहे. थुरिंगियाच्या एरफुर्टला मार्टिन ल्यूथर १५०१ साली विद्यार्थी म्हणून आला. तेथील नदीवरचा पूल दोन्ही बाजूंनी घरांनी भरलेला असून त्यांत आजही माणसे राहतात. सॅक्सनी-आनहाल्टचे मागडेबुर्ग १६३१ साली लुटले व जाळले गेले आणि हजारो नागरिक कापले गेले. त्याच राखेतून शहर उभारणाऱ्यांपैकी ऑटो फॉन गेरिके हा पुढे तेथला नगराध्यक्ष झाला. दोन अर्धगोल जोडून त्यांतील हवा काढली, तर घोड्यांच्या जोड्यांनाही ते ओढून वेगळे करता येत नाहीत, हा त्याचा प्रयोग आपण शाळेत शिकलो आहोत.

आता काही राजधान्या अशा आहेत, की त्या राजाने किंवा धर्मगुरूने नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धानंतर परक्या सेनाधिकाऱ्यांच्या कारभारात पुढे आल्या. फ्रँकफर्ट हे हेसे राज्यातले सर्वांत मोठे शहर, बँकांचे माहेरघर. पण अमेरिकनांच्या अमलात राजधानी झाली ती उन्हाळ्यांच्या म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वीसबाडेनची, कारण फ्रँकफर्ट फार उद्ध्वस्त झाले होते. १९४६ साली इंग्रजांनी नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया हे राज्य जुळविले आणि मोठ्या कोलोनला बाजूस ठेवून कवी हाइनेचे जन्मगाव ड्यूसेलडॉर्फ ह्यास राजधानीचा मान दिला. बाल्टिक काठचे कील हे श्लेस्विग-होल्श्टाइनचे मुख्य शहर. १९१८ च्या नोव्हेंबरात तेथील खलाशांच्या बंडाने कैसरच्या राज्याचा शेवट जवळ आणला. फ्रान्सच्या सरहद्दीवरील सारब्र्युकेन आणि त्याभोवतीचा कोळशाचा मुलूख लोकमत घेतल्यावर १ जानेवारी १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत आला.

येथवर आपण राजधान्या पाहिल्या. आता त्यांचे खरे मोल कशात आहे ते पाहू. १८७१ साली बिस्मार्कने जर्मनी एक केला, तेव्हा नव्या साम्राज्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग एकट्या प्रशियाचा होता, आणि प्रशियाचे बर्लिन सर्वांवर वरचढ झाले. तरीही राज्ये होती. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, आणि वर्षभरातच, ३० जानेवारी १९३४ रोजी, कायदा करून राज्यांची विधिमंडळे मोडण्यात आली व त्यांचे अधिकार बर्लिनच्या हाती गेले. युद्धानंतर पूर्व जर्मनीत साम्यवादी राजवट आली, तिनेही १९५२ साली तेच केले: पाच राज्ये मोडली आणि मुलूख चौदा जिल्ह्यांत वाटला. ह्या दोन राजवटी एकमेकींच्या हाडवैरी होत्या. परंतु दोघींनाही ड्रेस्डेन किंवा श्वेरीन येथे दुसरे सरकार असलेले खपत नव्हते. ज्याला नागरिकाचा आवाज बंद करावयाचा असतो, तो पहिल्याने असे दुसरे दार बंद करतो.

म्हणूनच १९४९ साली पश्चिम जर्मनीची घटना झाली, तेव्हा घटनाकारांनी एक मोठी खबरदारी घेतली. देशाची विभागणी राज्यांत असणे आणि कायदे करण्यात राज्यांचा भाग असणे, ह्या दोन गोष्टी घटनादुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या; संसदेने एकमताने ठरविले तरी त्या रद्द करता येत नाहीत. शाळा, पोलीस व कलासंस्था ह्यांचा कारभार मुख्यतः राज्यांकडे आला. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, तेव्हा पूर्वेकडील मोडलेली पाच राज्ये पुन्हा जिवंत करण्यात आली. मागडेबुर्ग की हाले, श्वेरीन की रोस्टॉक, हे वाद तेथल्या नव्या विधिमंडळांनी मतदानाने मिटविले. चाळीस वर्षे वरून येणारे हुकूम ऐकलेल्या लोकांनी आपली राजधानी आपणच निवडली, ही लहान गोष्ट नव्हे.

मग बर्लिनचे काय? तेही एक शहर-राज्य आहे, आणि सुमारे सदतीस लाख वस्तीचे देशातील सर्वांत मोठे नगर आहे. १९६१ ते १९८९ ते भिंतीने दुभंगलेले होते. त्याच्या पडत्या काळात सीमेन्ससारखी कंपनी म्यूनिकला गेली, मोठ्या बँका फ्रँकफर्टला गेल्या. २० जून १९९१ रोजी सरकारचे स्थान बॉनमधून बर्लिनला नेण्याचा ठराव संसदेत ३३८ विरुद्ध ३२० अशा थोड्या मतांनी संमत झाला. तरीही सर्वोच्च घटना-न्यायालय कार्ल्सरूहला आणि मध्यवर्ती बँक फ्रँकफर्टला राहिली. १९९६ साली बर्लिन व ब्रांडेनबुर्ग ही राज्ये एक करण्यासाठी लोकमत घेतले. बर्लिनकरांनी होकार दिला, ब्रांडेनबुर्गच्या जनतेने नकार दिला. आणि बर्लिनहून आगगाडीने अर्ध्यापाऊण तासावर असलेले पॉट्सडॅम राजधानी म्हणून कायम राहिले.

ह्या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. बाप बदलीवर एका राज्यातून दुसऱ्यात गेला, की मुलाचा अभ्यासक्रम बदलतो. २०२० साली साथ आली, तेव्हा सरहद्दीच्या अल्याड एक नियम आणि पल्याड दुसरा, अशी स्थिती होऊन लोक वैतागले. सोळा मंत्रिमंडळे चालवावयाची म्हणजे खर्चही सोळा ठिकाणी होतो. परंतु ह्या खर्चाच्या बदल्यात नागरिकाला काय मिळते, तेही जमेस धरले पाहिजे. लाखभर वस्तीच्या श्वेरीनमध्येही उत्तम नाट्यगृह व चित्रसंग्रह आहे. आणि मंत्र्याकडे गाऱ्हाणे न्यावयाचे तर त्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागत नाही. मुख्य म्हणजे, एका शहरातील सत्ता बिघडली तरी सबंध देश एकदम तिच्या मुठीत जाऊ नये, एवढी तजवीज तेथे झालेली आहे. दोनदा सर्वस्व गमावून त्या लोकांनी ही अक्कल विकत घेतली, हे ध्यानात ठेवून आपण त्यांच्या नकाशाकडे पाहावे, एवढे सांगून हे विवेचन पुरे करतो.