चढ-उतारांच्या वाटेवर सायकल

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती पायथ्यापासून सुमारे 300 फूट उंच आहे. ही चढण सायकलवरून एकदा चढावयाची म्हटली तरी सामान्य माणूस अर्ध्या वाटेवर खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलू लागतो. तीच चढण कोणी पावणेचार दिवसांत एकशे तीस वेळा चढून दाखवावी असे सुचविले, तर सुचविणाऱ्याच्या शहाणपणाविषयीच शंका घेतली जाईल. परंतु फ्रान्समध्ये दर चार वर्षांनी हजारो स्त्री-पुरुष जवळजवळ एवढीच चढण चढत असतात. पॅरिसच्या परिसरातून निघावयाचे, अटलांटिक किनाऱ्यावरील ब्रेस्ट बंदर गाठावयाचे आणि तसेच परत यावयाचे, असा हा प्रवास आहे. अंतर सुमारे 1,200 किलोमीटर, म्हणजे ग्वाल्हेर ते मुंबई या अंतराहूनही अधिक. मुदत जास्तीत जास्त 90 तास.

नवल असे, की या वाटेवर एकही मोठा पर्वत नाही. नॉर्मंडी आणि ब्रिटनी या प्रांतांतून जाणाऱ्या या रस्त्याची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून 400 मीटरसुद्धा नाही. तरीही सर्व लहानमोठ्या चढणींची बेरीज केली तर ती सुमारे 12,000 मीटर भरते. एव्हरेस्टची उंची 8,849 मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. ओढ्यापर्यंत उतरावे, पलीकडची टेकडी चढावी, टेकडीवरच्या गावातून पुढे जावे आणि पुन्हा ओढ्यापर्यंत उतरावे, असा हा प्रदेश लाटांसारखा पसरलेला आहे. चढण एकेकटी पाहिली तर किरकोळ. परंतु ती संपली असे वाटते न वाटते तोच दुसरी समोर उभी राहते.

चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघत असेल, असे कोणासही वाटेल. येथे थोडे अंकगणित करून पाहावे. 20 किलोमीटरांचा एक रस्ता घेऊ. त्यातील 10 किलोमीटर चढ ताशी 10 किलोमीटरच्या गतीने कापला, तर एक तास लागतो. उरलेला 10 किलोमीटर उतार ताशी 30 च्या गतीने उतरला, तर 20 मिनिटे लागतात. एकूण वेळ 80 मिनिटे आणि सरासरी ताशी 15. सपाट रस्त्यावर ताशी 20 ने जाणारा मनुष्य हेच अंतर एका तासात काटतो. चढ-उताराच्या वाटेवर त्याची बरोबरी करावयाची, तर उतार शून्य मिनिटांत उतरावा लागेल! चढावर हरवलेला वेळ उतार कधीही पुरता परत करीत नाही.

मग उतारावर जोराने पायडल मारून गती वाढवावी काय? तेथे हवा आडवी येते. गती दुप्पट झाली की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून जाणता सायकलस्वार उतारावर अंग आवरून बसतो, पायांना विसावा देतो आणि आपोआप आलेल्या वेगावर पुढच्या चढणीचा पहिला भाग फुकटात चढून जातो. तो वेग पुरता संपण्याआधीच तो गिअर हलका करतो. पाय एका मिनिटात 70-80 फेरे सारख्या लयीत फिरत राहावेत आणि गुडघ्यांवर एकदम भार येऊ नये, हे त्यातील मर्म होय. गिअर शक्ती वाढवीत नाही. असलेली शक्ती परवडेल अशा हप्त्यांनी खर्च करण्याची ती सोय आहे.

ही सोय सायकलस्वारांच्या गळी उतरविण्यात पॉल द व्हिवी या फ्रेंच गृहस्थांचा मोठा वाटा आहे. 1853 साली जन्मलेले हे गृहस्थ 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत. सँत-एतिएन या औद्योगिक शहरात राहून त्यांनी सायकलप्रवासाला वाहिलेले एक नियतकालिक चालविले आणि बदलत्या गिअरचा हिरिरीने पुरस्कार केला. शर्यतींचे चालक मात्र गिअरला दुबळ्यांची कुबडी समजत. टूर द फ्रान्स ही प्रसिद्ध शर्यत 1903 साली सुरू झाली, परंतु साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा गिअर वापरण्याची मुभा स्पर्धकांना 1937 साली मिळाली. तहान, भूक आणि थकवा यांची वाट न पाहता त्यांच्या आधीच पाणी, अन्न आणि विश्रांती घ्यावी, ही व्हेलोसिओंची शिकवण आजही दूरच्या सायकलप्रवासाची पहिली इयत्ता मानली जाते. हा थोर सायकलप्रवासी 1930 साली सायकल हातात धरून रस्ता ओलांडीत असता ट्रामखाली सापडून मरण पावला.

शर्यत आणि दूरचा प्रवास यांतील भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. मराठी वाचकांस मुंबई-पुणे सायकल शर्यत परिचित आहे. तीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरविण्यात येते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हीदेखील 1891 साली शर्यत म्हणूनच सुरू झाली आणि शार्ल तेरोंने ती सुमारे 71 तासांत जिंकली. आज तिच्यात राजा नाही आणि क्रमांकही नाहीत. ओदाक्स क्लब पारिझियाँ ही 1904 साली स्थापन झालेली संस्था तिची व्यवस्था पाहते. याच संस्थेच्या नियमांनुसार जगभर 'ब्रेव्हे' नावाच्या कसोट्या घेतल्या जातात. 200 किलोमीटरना साडेतेरा तास, 300 ना 20, 400 ना 27 आणि 600 ना 40 तास अशी मुदत असते. वाटेतील ठराविक ठिकाणी पत्रिकेवर शिक्का घ्यावयाचा आणि एरवी आपला भार आपणच वाहावयाचा. पंक्चर स्वतः काढावे, रात्रीसाठी दिवा स्वतः बाळगावा. मुदतीत परतलेला प्रत्येक जण सारखाच यशस्वी. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जाऊ इच्छिणाऱ्यास या चारही कसोट्या त्याच वर्षी उतरून दाखवाव्या लागतात.

गेल्या पंधरा वर्षांत ही पद्धत भारतातही रुजली असून पुणे, मुंबई, नाशिक आणि नागपूर येथील सायकलस्वार तीत हौसेने उतरत असतात. 2019 आणि 2023 या दोन्ही वर्षी भारतातून मोठी तुकडी फ्रान्सला गेली होती. 2019 साली त्यांपैकी पुष्कळांना मुदतीत परतता आले नाही. थंड रात्री, समोरून येणारा वारा आणि न संपणारे चढ-उतार यांनी त्यांना दमविले. ही मंडळी दुबळी नव्हती, येथील सर्व कसोट्या उतरूनच गेली होती. परंतु आपल्याकडील तयारी पुष्कळदा रुंद, सपाट महामार्गांवर होते. तेथे एकाच गिअरमध्ये तासन्‌तास जाता येते. शंभर लहान चढणींवर शक्ती कशी वाटून द्यावी, हा धडा महामार्ग देत नाही.

तो धडा देणारी भूमी ग्वाल्हेरच्या आसपास आहे. शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 200 मीटर आहे, तर 115 किलोमीटरांवरील शिवपुरीची 450 मीटरांहून अधिक. जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याने तिकडे जाताना उंची एकदम वाढत नाही. वालुकाश्माच्या टेकड्या आणि नाले यांतून रस्ता कधी खाली तर कधी वर जात हळूहळू पठारावर पोहोचतो. जाऊन येऊन 230 किलोमीटर होतात, म्हणजे एका ब्रेव्हेची तयारी घरच्या घरी होते.

ज्यांना एवढे दूर जावयाचे नाही, त्यांनी सांक नदीवरील तिघऱ्याच्या जलाशयापासून आरंभ करावा. पुढची पायरी मुरैना जिल्ह्यातील मितावली, पढावली आणि बटेश्वर यांची. ग्वाल्हेरपासून सुमारे 40 किलोमीटरांवरची ही तिन्ही स्थळे एकमेकांपासून अगदी जवळ आहेत. मितावलीच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. बटेश्वर येथे प्रतिहारकाळातील सुमारे 200 लहान मंदिरांचा समूह होता. तो ढासळून दगडांचा ढीग झाला होता, आणि 2005 पासून पुरातत्त्व खात्याने त्यांतील अनेक मंदिरे दगडावर दगड जुळवून पुन्हा उभी केली. दक्षिणेकडे डबऱ्याहून आत वळले, तर सिंध आणि पार्वती या नद्यांच्या संगमाजवळ पवाया हे गाव लागते. प्राचीन पद्मावती नगरी ती हीच असे विद्वान मानतात. भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. त्याच्या 'मालतीमाधव' नाटकातील माधव विदर्भातून विद्येसाठी पद्मावतीस येतो. विदर्भ आणि ग्वाल्हेर यांचा संबंध शिंद्यांच्या काळाहून किती जुना आहे, हे येथे उमगते. मोटारीतून जाणाऱ्यास हे गाव बहुधा रस्त्यावरची एक पाटी म्हणूनच भेटते. सायकलस्वारास मात्र नदी जवळ आल्याचे पाटीच्या आधी उतारच सांगतो.

या प्रदेशात सायकलप्रवासाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच होय. मे महिन्यात येथील पारा 45 अंशांच्या पुढेही जातो. डिसेंबर-जानेवारीतील दाट धुके निवळल्यावाचून निघू नये. तासाला निदान अर्धा लिटर पाणी आणि थोडे खाणे पोटात जावे, मग ते केळे असो वा मुरैन्याची प्रसिद्ध गजक. जानेवारीत दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेते पसरलेली असतात. फ्रान्समध्ये हाच पिवळा रंग वसंतात दिसतो, कारण तेथे मोहरीच्याच कुळातील रेपसीड पेरतात.

दोन देशांतील साम्य मात्र रस्त्याच्या कडेला येऊन थांबते. फ्रान्समध्ये सुमारे 35,000 ग्रामपालिका आहेत आणि गावांना जोडणाऱ्या डांबरी, कमी रहदारीच्या वाटांचे दाट जाळे आहे. एका गावच्या चर्चचा मनोरा मागे पडतो न पडतो तोच पुढच्याचा दिसू लागतो. सायकलस्वारास ओलांडताना मोटारीने वस्तीत एक मीटर आणि वस्तीबाहेर दीड मीटर अंतर राखले पाहिजे, असा तेथे कायदा आहे. पॅरिस-ब्रेस्टच्या दिवसांत गावकरी दारासमोर मेज मांडून अपरिचितांना कॉफी आणि धिरडी देतात. विलेन-ला-ज्युएल या लहानशा गावी शाळकरी मुले थकलेल्या प्रवाशांची ताटे उचलून मेजापर्यंत नेतात. पाणपोई घालणाऱ्या आपल्या समाजास हा आतिथ्यधर्म परका नाही. येथील खेड्यांतही सायकलस्वार थांबला की कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतोच. उणीव आहे ती रस्त्याच्या कडेची.

ही कड केवळ हौशी मंडळींना हवी आहे असे मानणे चूक होईल. मध्य प्रदेश शासन ग्रामीण भागात दुसऱ्या गावी शिकावयास जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांना सायकली देत आले आहे. या सायकलींमुळे गावात पुढची शाळा नसलेल्या मुलींना शिक्षणाची वाट मोकळी होते. परंतु ती वाट जर भरधाव ट्रकच्या शेजारून जात असेल, तर सायकल मिळूनही मुलगी घरीच राहील. कॅन लटकवून शहराकडे येणारा दूधवाला, कामावर जाणारा गवंडी, शाळेस निघालेली मुलगी आणि ब्रेव्हेची तयारी करणारा तरुण हे सारे एकाच हातभर डांबरी पट्टीवरून जात असतात. महामार्ग रुंद करताना ती पट्टी खडी आणि वाळू यांखाली नाहीशी झाली, तर तोटा चौघांचाही आहे.

शक्तीचा जमाखर्च कसा ठेवावा, हे चढ-उतारांची भूमी सायकलस्वारास शिकविते. ती शिकवण घेण्यास ग्वाल्हेरकरास फ्रान्सला जाण्याची गरज नाही. दातेरी चक्रे जागेवर असलेली सायकल, पाण्याची बाटली आणि एखादी धुके निवळलेली सकाळ एवढे त्यास पुरे आहे. मात्र रस्त्याच्या कडेची हातभर निर्वेध वाट त्याला एकट्याला निर्माण करता येणार नाही. ती समाजानेच राखावयाची आहे.