नद्यांच्या पाण्याची वांटणी व मध्यवर्ती नियोजन

कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते, ती आजच्या चार राज्यांतून वाहून समुद्रास मिळते. नदीस शिवेचा दगड ठाऊक नसतो. पाण्याचा हिशेब मात्र शिवेप्रमाणें ठेवावा लागतो. तो कसा ठेविला गेला, हें बागाइतदारांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

सन १९३५ च्या कायद्यानें पाणी हा प्रांतांचा विषय ठरला होता. राज्यघटनेनेंही तो राज्यांकडेच ठेविला; आंतरराज्य नद्यांचें नियमन मात्र संसद कायदा करील तितक्यापुरतें केंद्राकडे दिलें. सन १९४५ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूर खात्याचे सभासद असतां मध्यवर्ती जल आयोग स्थापन झाला. एका खोऱ्याचा विचार एकत्र व्हावा, ही त्यामागील दृष्टि होती. दामोदर खोरे महामंडळ सन १९४८ मध्यें त्याच दृष्टीनें निघालें.

सन १९५६ मध्यें संसदेनें दोन कायदे केले. एक पाणीतंट्यांच्या लवादाचा, दुसरा नदी-मंडळांचा. दुसऱ्याखालीं एकही मंडळ नेमलें गेलें नाहीं. पेरणीपूर्वी सल्ला कोणी घेतला नाहीं, पीक उभें राहिल्यावर तंटा तेवढा चावडीवर आला, असेंच म्हणावें लागतें.

कृष्णेचा लवाद सन १९६९ मध्यें न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालीं नेमला गेला. निवाडा सन १९७६ मध्यें राजपत्रांत आला. चार वर्षांपैकीं तीन वर्षें हमखास मिळेल असें पाणी २०६० टी. एम. सी. धरून आंध्रास ८००, कर्नाटकास ७०० व महाराष्ट्रास ५६० अशी वांटणी झाली. एक टी. एम. सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट; सुमारें २३ हजार एकरांवर फूटभर उभें राहील इतकें पाणी.

सातबाऱ्यावर सामाईक विहिरींत अमक्याचा आठ आणे हिस्सा अशी नोंद असते. विहीर आटली कीं सर्वांचाच वांटा त्या मानानें उतरतो. लवादाचा हिस्सा आण्यांत नसून घनफुटांत आहे. मग चौथ्या, तुटीच्या वर्षीं काय करावें? तूट व वाढावा दोन्ही वांटून घेण्याची आणि त्यासाठीं कृष्णा खोरे प्राधिकरण नेमण्याची दुसरी योजना लवादानेंच सुचविली होती. परंतु राज्यांची संमति किंवा संसदेचा कायदा यांवांचून ती अंमलांत येणारी नव्हती, व आली नाहीं. माझ्या मतें सर्व निवाड्यांत हीच खरी कामाची बाब होती. दुसऱ्या लवादाचा निर्णय सन २०१० मध्यें झाला. तो राजपत्रांत प्रसिद्ध करण्यास सर्वोच्च न्यायालयानें सन २०११ मध्यें मनाई केली.

पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय जलसंपत्ति परिषद सन १९८३ मध्यें स्थापन झाली, व सन १९८७, २००२ आणि २०१२ मध्यें राष्ट्रीय जलनीति जाहीर झाली. नीति म्हणजे कायदा नव्हे. राज्यांवर तिचें बंधन नाहीं.

या वांटणीचा शेतकऱ्याशीं संबंध कोठें येतो? नव्या प्रकल्पास पाणी-उपलब्धतेचा दाखला लागतो, तेथें. खोऱ्याचा वांटा नेमून दिलेला असल्यानें वरच्या बंधाऱ्यांत अडविलेलें पाणी त्याच हिशेबांत धरलें जातें. विहिरीचें पाणी मात्र निराळें. भूगर्भांतील पाण्याचा वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर समजूं नये, असें निवाड्यांत स्पष्ट लिहिलें आहे. ओढ्याकांठीं विहिरी वाढल्या म्हणजे ओढा उन्हाळ्याआधींच कोरडा पडतो, हें प्रत्येक गांवकरी पाहतो. परंतु त्या पाण्याची नोंद लवादाच्या कोष्टकांत कोठेंच नाहीं.