आधी खिडकी, मग बाळ

बारशाचे फोटो काढायला गेले की घरचे मला हॉलच्या मधोमध घेऊन जातात. ट्यूबलाइटखाली सजवलेला पाळणा, मागे फुगे. मी विचारते, खिडकी कुठंय? आजी संकोचतात, "आतल्या खोलीत आहे गं, पण तिथं पसारा पडलाय." पसारा कडेला सारता येतो, उजेड कुठून आणायचा?

खिडकीशी गेलं की घरातले दिवे बंद. पिवळा बल्ब आणि बाहेरचा उजेड मिसळला की बाळाचा एक गाल हळदीचा, दुसरा निळसर दिसतो. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा, नाहीतर आजोबांचं धोतर लावा. बाळाला निजवताना डोकं खिडकीकडे, पाय खोलीकडे, आणि अंग जरासं तिरकं. मग उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरतो. बहुतेक जण नेमकं उलटं निजवतात. उजेड खालून नाकपुड्यांत शिरतो आणि गोंडस पोर भुताच्या सिनेमातलं वाटतं. अंधाऱ्या बाजूला कुणीतरी पांढरा पंचा धरला तर तो गालही उजळतो. फ्लॅश नकोच.

मोबाइलचा फोकस बऱ्याचदा पुढे आलेल्या मुठीवर किंवा झबल्याच्या लेसवर जाऊन बसतो. स्क्रीनवर बाळाच्या डोळ्यावर बोट टेकवा. मान वळलेली असेल तर आपल्या जवळचा डोळा धरा. फोन तोंडाशी नेऊ नका, नाक फुगीर येतं; दोन पावलं मागे या. पोर्ट्रेट मोड पुष्कळदा जावळच पुसून टाकतो. कॅमेरा असेल तर जागं बाळ 1/250 सेकंदाला टिपा, आयएसओ 1600 झाला तरी चालेल. दाणे दिसले तर बिघडत नाही, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. छिद्र मी एफ/4 ठेवते. एफ/1.8 ला जवळून काढलं तर डोळा स्पष्ट येतो आणि कान धुक्यात जातो.

तान्ह्या बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरपलीकडचं धूसर दिसतं. तेव्हा लांबून खुळखुळा वाजवून ते कॅमेऱ्याकडे बघेल ही आशा सोडा. पहिल्या महिन्यात आईच्या कुशीतून तिच्याकडे बघतानाचा फोटो काढा. रांगायला लागलं की तुम्ही चटईवर पोटावर झोपा. वरून काढलेल्या फोटोत डोकंच मोठं दिसतं. मनगटाशी चौकट कापू नका, आणि आजीचा हिरव्या बांगड्यांचा हात आत आला तर येऊ द्या. मूठ केवढीशी होती, ते त्या हातामुळेच कळतं.

हनुवटी तळव्यांवर टेकवून बसलेल्या तान्ह्याचा फोटो दाखवून "अस्साच काढा" म्हणणारे बरेच भेटतात. तो दोन फोटो जोडून केलेला असतो. प्रत्येकात कुणीतरी बाळाला धरलेलं असतं आणि ते हात नंतर खोडलेले असतात. घरी ही कसरत करू नका.

एडिटिंगमध्ये लाल पुरळ मी काढते, ते तसंही जाणारच. जन्मखूण घरच्यांना विचारल्याशिवाय काढत नाही, आणि गालबोट कुणी सांगितलं तरी नाही.