वाहनाचा वाढता इंधनखर्च : आधी मोजमाप, मग निदान

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव १९१७ साली पूर्ण झालेल्या सिंचन तलावामुळे सर्वपरिचित आहे. तलावाची पाळ, कालवे, शाळा आणि अंगणवाड्या यांच्या पाहणीसाठी नागझिऱ्याच्या वनप्रदेशालगतच्या या भागात शासकीय वाहनांची ये-जा असते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत रस्त्यावर चिखल होतो, वळणे व चढउतार येतात आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्येच चालवावी लागते. महिनाअखेर लॉगबुकातील ‘अ‍ॅव्हरेज’ घसरलेला दिसला की पहिला संशय चालकावर येतो. परंतु तपासणीपूर्वी संशय घेणे अन्यायाचे आहे, आणि त्यामुळे खरा दोषही तसाच राहतो.

पहिली पायरी मोजमापाची आहे. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा नोंदवावा. पुढील वेळी शक्यतो त्याच पंपावर टाकी पुन्हा पूर्ण भरावी. समजा, पहिला आकडा ४८,२०० आणि दुसरा ४८,६२० असून दुसऱ्या वेळी ३५ लिटर पेट्रोल लागले. म्हणजे ४२० किलोमीटरला ३५ लिटर, अर्थात लिटरला १२ किलोमीटर. एका भरणीत थोडी चूक होऊ शकते, म्हणून सलग तीन भरण्यांची सरासरी घ्यावी. लॉगबुकात मार्ग, भार आणि गाडी उभी असताना इंजिन किती वेळ चालू होते, याचीही नोंद असावी. उभ्या गाडीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन जाळते, आणि त्या वेळी अंतर मात्र शून्य असते.

अंतराचा आकडाही तपासून घ्यावा. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविल्यास मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवितो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी दहा किलोमीटरचा पडताळा घेतला म्हणजे ही शंका फिटते.

दुसरी पायरी इंधनाच्या स्वरूपाची. आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने अशा मिश्रणातील ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. त्यामुळे अ‍ॅव्हरेजमधील काही टक्क्यांची घट हा गाडीचा दोष नव्हे. परंतु पूर्वी १५ किलोमीटर देणारी गाडी त्याच मार्गावर १२ देऊ लागली, तर ही घट वीस टक्के आहे. तिचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष तपासणीची. ती स्वस्त व सोप्या गोष्टींपासून सुरू करावी.

टायर थंड असताना हवा मोजावी. दाब एका पौंडाने घटल्यास इंधनखर्च सुमारे ०.२ टक्के वाढतो. हा आकडा लहान वाटला, तरी चारही टायर बरेच दिवस मऊ राहिल्यास खर्च वाढतो आणि टायरही लवकर झिजतात.

त्यानंतर ब्रेक पाहावेत. चिखल व गंज यांमुळे ब्रेक पूर्ण सुटत नाहीत. सपाट जागी गियर काढून गाडी ढकलून पाहावी. ती जड जात असेल, किंवा प्रवासानंतर एकच चाक इतरांपेक्षा अधिक तापलेले असेल, तर ब्रेक धरत आहे असे समजावे. चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच सरकत असण्याचा संभव असतो.

धूरही बोलका असतो. काळा धूर म्हणजे इंधन प्रमाणाबाहेर जात आहे किंवा हवा अपुरी पडत आहे. निळा धूर ऑइल जळत असल्याचे दाखवितो. गाडीखाली किंवा टाकीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर गळती प्रथम थांबवावी, कारण तेथे आगीचा धोका आहे.

एअर फिल्टरविषयी एक जुना समज दुरुस्त करावयास हवा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत फिल्टर तुंबल्यास इंधन वाढते. संगणकनियंत्रित इंजेक्शनच्या नव्या गाडीत त्याचा इंधनावर फारसा परिणाम होत नाही, मात्र गाडीची ओढ कमी होते. अशा गाडीत ऑक्सिजन सेन्सर, स्पार्क प्लग आणि थर्मोस्टॅट यांकडे लक्ष द्यावे. थर्मोस्टॅट उघडाच अडकल्यास इंजिन पुरेसे तापत नाही आणि संगणक जादा इंधन देत राहतो. ‘चेक इंजिन’चा दिवा लागल्यास सुटे भाग अंदाजाने बदलू नयेत. स्कॅनर लावून दोषाचा संकेतांक वाचून घ्यावा, आणि दुरुस्तीनंतर टाकी भरून पुन्हा मोजणी करावी. अ‍ॅव्हरेज सुधारला, तरच निदान खरे ठरले असे मानावे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर देशात इंधनबचतीच्या संघटित प्रयत्नांना वेग आला आणि १९७८ मध्ये पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. आजही आपल्या गरजेचे बहुतांश खनिज तेल आयातच करावे लागते. तथापि बचतीचे महत्त्व पटण्यास वरचे उदाहरण पुरेसे आहे. गाडी निर्दोष असती, तर ४२० किलोमीटरला २८ लिटर पुरले असते. वाया गेलेल्या सात लिटरमध्ये आणखी १०५ किलोमीटर प्रवास झाला असता.

ठरलेल्या इंधनात गाडी जितकी अधिक फिरेल, तितकी अधिक गावे, शाळा आणि कालवे तिच्या आवाक्यात येतील. नीट ठेवलेले लॉगबुक शासनाचा पैसा वाचविते आणि प्रामाणिक चालकाची बाजूही सिद्ध करते. म्हणून पंचायत समित्या व कार्यालयांनी या नोंदींकडे केवळ हिशेबाचा कागद म्हणून न पाहता वाहनाच्या प्रकृतीची नोंदवही म्हणून पाहावे.