संगणकाचा एसएमपीएस: ठेवायचा की बदलायचा?

आता बऱ्याच गटांच्या खोलीत संगणक आलाय. कुणी जुना विकत घेतलाय, कुणाला मिळालाय. हिशोब, हप्ते, बिलं सगळं त्यावर चालतं. पडदा पुसतो, की-बोर्डवर कापड टाकतो. पण ज्या डबीतून वीज आत जाते तिच्याकडे कुणी बघत नाही. दुरुस्तीवाले तिला एसएमपीएस म्हणतात. आज तिच्याबद्दल बोलायचंय, कारण आमच्या गटात तिच्यावरून भांडण होता होता राहिलं.

आमच्या दौलताबादला सीताफळाचा हंगाम म्हणजे घाईचे दिवस. गराच्या डब्यांची लेबलं छापायची, बिलं काढायची. ऐन त्याच वेळी संगणक बंद पडला. दुरुस्तीवाल्या भाऊंनी सहाशे रुपयांत नवा एसएमपीएस बसवून दिला. संगणक सुरू झाला, सगळ्या खूश. चार दिवसांनी हिशोब लिहिणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात."

बैठकीत दोन बाजू झाल्या. काही म्हणाल्या, "चालतंय ना, मग चालू द्या. सहाशे रुपये म्हणजे सहा जणींची महिन्याची बचत." दुसऱ्या म्हणाल्या, "आजच काढून फेका. कुणाला काही झालं तर?" दोघींचंही चुकत नव्हतं. पण बघितल्याशिवाय ठेवायचं नाही आणि बघितल्याशिवाय फेकायचंही नाही, असं ठरलं. तेवढ्या दिवसांपुरता संगणकाचा प्लग काढून ठेवला.

आधी ही डबी करते काय ते सांगते. आपल्या घरात येते ती २३० व्होल्टची वीज. संगणकाच्या आतल्या भागांना लागते फक्त १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. मधलं काम एसएमपीएस करतो. पण हे करताना त्याच्या पोटात वीज आधी सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चढते आणि कपॅसिटर नावाच्या भागात साठून राहते. प्लग काढला तरी ती काही वेळ तिथेच असते. म्हणून संगणकाचा बाजूचा पत्रा प्लग काढून उघडला तर चालेल, पण आतली ती छोटी डबी आपण कधीच उघडायची नाही. धूळ काढायलासुद्धा नाही.

आता झिणझिण्यांचं. आम्हाला वाटलं होतं, झिणझिण्या म्हणजे डबी खराब. वायरमन दादांनी सांगितलं, तसंच असेल असं नाही. चांगल्या एसएमपीएसमधूनही अगदी थोडी वीज पत्र्यावर येते आणि अर्थिंगच्या तारेतून जमिनीत निघून जाते. तिची ती वाटच बंद असेल, तर ती आपल्या हातातून वाट शोधते. त्यांनी बोर्ड उघडला, तर तिसऱ्या भोकाची तार निसटलेली. बाहेर अर्थिंगचा खड्डाही कोरडा ठणठणीत.

आपल्या भागात हे फार होतं. किल्ल्याचा खंदक अख्ख्या कातळात कोरलेला आहे, तो आपण येता-जाता बघतो. तोच कातळ आपल्या घरांखाली आहे, वर थोडा मुरूम. पाऊस संपला की ओल लवकर जाते, आणि कोरड्या जमिनीत वीज नीट उतरत नाही. म्हणून खड्ड्यात मीठ आणि लोणारी कोळसा घालतात, आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. आपण तुळशीला रोज पाणी घालतो, आठवड्यातून एक बादली या खड्ड्यालाही घाला. आणि प्लगची जाड तिसरी पिन कापून दोन पिनांवर काम चालवू नका. ती पिन म्हणजेच जमिनीकडे जाणारी वाट.

तार जोडली, खड्डा भिजवला, झिणझिण्या बंद झाल्या. तिथेच थांबलो असतो तर ती डबी ठेवून दिली असती. पण दादा म्हणाले, "ताई, हा दोष तुमच्या खोलीचा होता. डबीचं अजून बघायचंय."

पहिलं बघितलं लेबल. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं. पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १२ अँपिअर. आजचे संगणक जास्त वीज या १२ च्या तारेतूनच घेतात. आकडेमोड सोपी आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ गुणिले १२, झाले १४४. मग ४५० कुठून आले? साध्या कार्यालयीन संगणकाला १०० वॅटही बहुधा लागत नाहीत, म्हणजे १४४ पुरले असते. पण जो विकणारा वर ४५० लिहितो आणि खाली १४४ देतो, त्याच्या बाकीच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा?

दुसरं बघितलं सरकारी चिन्ह. अशा वस्तूवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १३२५२ हा आकडा आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. मोबाईलवर बीआयएस केअर नावाचं ॲप आहे. त्यात तो क्रमांक टाकला की बनवणाऱ्याचं नाव येतं. आमच्या डबीवर क्रमांकच नव्हता. काही डब्यांवर ८० प्लस लिहिलेलं असतं. ते वीज कमी वाया जाते याचं चिन्ह आहे, सुरक्षेचं नाही.

तिसरं, वजन आणि तारा. जुनी बंद पडलेली डबी आणि नवी, दोन्ही दोन हातांत धरल्या. नवी रिकाम्या डब्यासारखी हलकी. वजनावरून एकदम निकाल देऊ नये, पण शंका घ्यावी. स्वस्तात बनवताना आतलं लोखंड, तांबं कमी करतात. वीज गाळणारे भाग आणि जास्त भार आला की आपोआप बंद करणारी सोय गाळून टाकतात. अशी डबी जाताना एकटी जात नाही, कधी हार्ड डिस्कही घेऊन जाते. म्हणजे आपला सगळा हिशोब.

चौथं, मोजमाप. हे वायरमननंच मीटरनं करायचं. संगणक कामाला लावून पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. आमची पिवळी तार ११.२ वर उतरत होती. नुसता पंखा फिरतो म्हणजे डबी चांगली, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

मीटर नसेल तरी नाक, कान, डोळे आहेत. जळका वास, चर्र आवाज, पंखा बंद, तारेचं टोक तपकिरी पडलेलं, काम करताना संगणक आपोआप बंद होऊन सुरू होणं, जाळीतून बॅटरीच्या उजेडात फुगलेले कपॅसिटर दिसणं. यातलं एक जरी दिसलं तरी संगणक त्याच दिवशी बंद. जुन्या डबीच्या मागे एक छोटा लाल खटका असतो, ११५ आणि २३० लिहिलेला. तो आपल्याकडे कायम २३० वरच हवा. लेकरांनी खेळता खेळता ११५ वर सरकवला, तर प्लग लावताक्षणी डबी फुटते.

आणि धूर निघालाच, तर आधी बोर्डाचा नाहीतर मेनचा खटका बंद करा. पाणी टाकू नका. कोरडी वाळू किंवा पावडरचा अग्निशामक वापरा. आग वाढत असेल तर रजिस्टरं वाचवायला आत जाऊ नका, बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा.

तर आम्ही काय ठरवलं? तीन गोष्टी नीट ध्यानात ठेवा. अर्थिंग दुरुस्त केल्यावर झिणझिण्या गेल्या, लेबल खरं आहे, क्रमांक सापडतो, मोजमाप बरोबर आहे, तर डबी स्वस्त असली तरी ठेवा. पैसे उगाच घालवू नका. क्रमांक नाही, लेबल पटत नाही, मोजमाप घसरतं, तर ती चालत असली तरी बदला. आणि वास, धूर, जळलेलं टोक असेल तर चर्चाच नको.

आमची डबी बदलली. नवीला दोन हजारांच्या वर गेले. सहाशेंचे पक्कं बिल घेतलेलं नव्हतं, त्यामुळे परत काही मिळालं नाही. ती चूक आमचीच. आता ठराव लिहिलाय की विजेची वस्तू पक्क्या बिलाशिवाय घ्यायची नाही, आणि घेण्याआधी लेबलाचा फोटो दोघींनी बघायचा. जुनी डबी भंगारात जाळायला दिली नाही, ई-कचरा गोळा करणाऱ्यांसाठी बाजूला ठेवली.

त्या बैठकीत "चालतंय ना" म्हणणाऱ्या अक्काच आता दर रविवारी अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओततात. तुम्हीही पुढच्या बैठकीला प्लग काढून, बाजूचा पत्रा उघडून लेबल मोठ्यानं वाचा. १२ व्होल्टसमोरचा आकडा गुणून बघा. गटाचा हिशोब आपण रुपया-रुपयाचा जुळवतो, हाही जुळवू या.