पुलगावला की पुलगावले?

वर्धा नदीकाठच्या पुलगावचं नाव भाषाशास्त्राच्या पहिल्या तासाला छान कामी येईल. ‘पूल’ फारसीतून आला, ‘गाव’ संस्कृत ‘ग्राम’वरून. जोडताना ‘पू’ ऱ्हस्व झाला, ‘फुलझाडा’त ‘फू’ होतो तसा. आता प्रत्यय लावा. ‘गाव’चं ‘गावाला’ होतं, ‘पुलगाव’चं मात्र ‘पुलगावला’. मधला ‘आ’ येतच नाही. ‘पुलगावात’ म्हणताना तो हजर! वऱ्हाडी बोलीत ‘ला’च्या जागी ‘ले’: ‘पुलगावले’.

खरी गंमत वाक्यात आहे. ‘बाई कापूस वेचते’ इथे क्रियापद बाईचं ऐकतं. ‘बाईनं कापूस वेचला’ म्हणताच ते कापसाचं ऐकू लागतं. ‘बाईनं तूर सोंगली’ म्हटलं की तुरीचं. हिंदीतही भूतकाळात असंच घडतं, बंगालीत नाही. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात. व्याख्या पाठ करण्याऐवजी घरातल्या बोलण्यातली दहा वाक्यं लिहा आणि क्रियापद कुणाचं ऐकतं ते तपासा.