कारण वेगळे, कसूर वेगळी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांवर आम्ही बोलू अशी त्यांची समजूत होती. मांजराचे पिल्लू अचानक दगावले तर माणसाने काय करावे, हा विषय ऐकून ते क्षणभर गप्प झाले. तुमच्यापैकीही काहींना हसू आले असेल. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. या विषयावर बोलण्याचा खरा अधिकार पशुवैद्यांचा, हे आम्ही जाणतो. पण त्यांच्याकडून जे समजून घेतले आणि आमच्या हातून जे चुकले, ते सांगितल्याने कोणाचे तरी घर एका अन्यायापासून वाचेल, असे वाटते.

आमच्या युनियनची कचेरी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ, दोन खोल्यांची आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता एका मांजरीने तेथे जुन्या हजेरीपुस्तकांच्या ढिगामागे तीन पिल्ले घातली. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. हिनेही दोन पिल्ले नेली, तिसरे मागेच राहिले. दिवाळीच्या तोंडावर पदरात पडले म्हणून पोरांनी त्याचे नाव 'बोनस' ठेवले. निवृत्त झालेले एक फिटर काका रोज कचेरीत येऊन बसतात. त्यांनी त्याला वाढवले. वाटाघाटी फिसकटून रात्री परतलेली माणसे, टेबलावरच्या कागदांत लोळणारे ते पिल्लू पाहून हसत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

डिसेंबरातल्या एका सकाळी ते कपाटाखाली मरून पडलेले सापडले. आदल्या संध्याकाळी ते कागदाच्या बोळ्याशी खेळत होते. अंगावर जखम नाही, रक्त नाही, तोंडाला फेस नाही. काकांनी त्याला आपल्या रुमालात गुंडाळले आणि मागच्या कडुनिंबाखाली पुरले. त्या दिवशी चहा कोणी घेतला नाही. मात्र दहा वाजायच्या आत चौकशी सुरू झाली. काका म्हणाले, आपणच काल गाईचे दूध जास्त पाजले. एक तरुण टर्नर म्हणाला, खिडकी आपल्याकडून उघडी राहिली, थंडी बाधली. ही दोघे निदान स्वतःला दोष देत होती. आम्ही मात्र झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारले, "काल फरशीला फिनेल किती टाकलंत?"

"रोजच्याइतकंच, भाऊ," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर आल्या नाहीत.

आमचा प्रश्न शब्दांनी साधा होता. पण तिसऱ्या दिवशी एका अपघाताचे कागद वाचताना त्याचा सूर आमचा आम्हांलाच ऐकू आला. कामगाराचा हात यंत्रात सापडला की बहुतेक अहवालांत एक वाक्य ठरलेले असते: 'कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' यंत्राला जाळी का नव्हती, पाळी किती तासांची होती, हे कोणी विचारीत नाही. या एका वाक्याशी आम्ही तीस वर्षे भांडत आलो, आणि एक पिल्लू गेल्याबरोबर तेच वाक्य आमच्या तोंडून निघाले.

मग आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. ते म्हणाले, "पुरण्याआधी आणले असते तर काही सांगता आले असते." तरीही त्यांनी शक्यता समजावून दिल्या. त्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारख्या आहेत.

पहिली शक्यता फेलाइन पॅनल्युकोपेनिया या रोगाची. नावाचा अर्थ, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची सर्वच प्रकारे उणीव. हा एका विषाणूचा रोग आहे. शरीरात जेथे पेशी भराभर वाढत असतात, म्हणजे आतड्यात आणि हाडांच्या मज्जेत, तेथे तो हल्ला करतो. बहुधा ताप, उलट्या, हगवण अशी लक्षणे दिसतात. पण कोवळ्या पिल्लांत कधी कधी रोग इतका झपाट्याने चढतो की संध्याकाळी खेळणारे पिल्लू सकाळी नसते. हा विषाणू चपलांवरून, कपड्यांवरून, हातांवरून घरात येतो. माणसाला तो बाधत नाही.

पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळते, पण ते काही आठवड्यांत ओसरते. लसही अशी अडचणीची की आईकडून आलेले संरक्षण शिल्लक असेतोवर ती नीट लागू पडत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवडे पुरे होईपर्यंत, ती पुनःपुन्हा टोचतात. जुने संरक्षण संपले आणि नवे अजून आले नाही, अशा काळात पिल्लू उघडे पडते. आमचा बोनस नेमका त्याच वयाचा होता, आणि त्याला लस टोचलेली नव्हती.

दुसरी शक्यता जन्मजात दोषाची. हृदयात व्यंग असलेले पिल्लू वरून धडधाकट दिसू शकते. तिसरी, लहान जीवाच्या तुटपुंज्या शिधेची. अगदी लहान पिल्लाला अंगाची ऊब स्वतः टिकवता येत नाही, रक्तातली साखरही लवकर उतरते. जंत किंवा पिसवा फार झाल्या तर रक्तच कमी पडते. चौथी शक्यता विषाची. माणसाला चालणारी किती तरी द्रव्ये मांजराचे यकृत बाहेर टाकू शकत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. फिनेलही त्याला घातक आहे. पण त्याने बहुधा लाळ गळते, तोंड पोळते, अंग थरथरते. आमच्या पिल्लाच्या अंगावर तशी खूण कोणाला दिसली नव्हती. शिवाय मांजराची जात दुखणे लपवणारी. आपल्याला आजार दिसू लागतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो.

या चारांपैकी आमच्या पिल्लाला काय झाले, हे आम्हांला कधीच कळणार नाही. येथेच माणसाची खरी कसोटी लागते. कारण सापडले नाही की मन स्वस्थ बसत नाही. ते कारणाच्या रिकाम्या खुर्चीवर आरोपी आणून बसवते. बहुधा तो आरोपी आपण स्वतः असतो. स्वतःला दोष देणे सहन झाले नाही, तर घरात ज्याला उलट बोलता येत नाही त्याची पाळी येते: सून, लहान मूल, कामाची बाई. आपल्याकडे तर मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, अशी जुनी समजूत आहे. या समजुतीने किती मांजरे वाचली असतील ती असोत; पण आपसूक मेलेल्या मांजराभोवतीही तिने पापाची शंका उभी केली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, म्हणून फांदी कावळ्याने तोडली असे होत नाही. काकांचे दूध, टर्नरची खिडकी, मावशींचे फिनेल हे आदल्या दिवशीचे कावळे होते.

कारण आणि कसूर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घटना कशी घडली, हे कारण सांगते. जे कळत होते आणि करता येत होते ते कोणी केले नाही, हे कसूर सांगते. समजा, फिनेलच कारण होते. तरी मावशींची कसूर काय? बाटली आणली कचेरीने. किती टाकावे हे कोणी सांगितले नाही. मांजराला ते घातक आहे हे आम्हांलाही ठाऊक नव्हते. आणि कसुरीचाच हिशेब मांडायचा, तर लसीची चौकशी न करण्याची कसूर आमची होती. ती आम्ही कबूल करतो. पण लस टोचली असती तर बोनस वाचलाच असता, असेही कोणी सांगू शकत नाही.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात आम्हांला नेहमी मोलाचे वाटलेले एक कलम होते. कामगार जखमी झाला, तर त्याने मुद्दाम नियम मोडला होता, अशासारखी सबब सांगून मालकाला भरपाई टाळता येई. पण अपघातात तो मेला, तर ही सबब चालत नसे. मृत्यूनंतर मागे राहिलेल्यांपुढे मेलेल्याची चूक मोजत बसू नये, एवढे शहाणपण त्या रुक्ष कायद्यालाही होते. घरच्या माणसांनी एकमेकांशी निदान तेवढे तरी वागावे.

दुःखाचे काय करावे? प्रथम त्याला दुःख म्हणावे. "एक मांजर तर होते" हे वाक्य सांत्वनासाठी बोलतात, पण ते ऐकणाऱ्याला दुःखाबरोबर लाजही देऊन जाते. ज्या शोकाला समाज रजा देत नाही, भेटायला येत नाही, त्याला केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 च्या ग्रंथात 'हक्क नाकारलेला शोक' अशा अर्थाचे नाव दिले. हक्क नाकारणे म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळे समजवावे लागत नाही. प्राचीन मिसर देशात घरचे मांजर आपल्या मरणाने मेले, तर घरातली माणसे भुवया काढून टाकीत, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. आपण भुवया काढू नयेत. पण शेजाऱ्याच्या घरी क्षणभर बसून यायला हरकत नसावी.

मुलांना 'ते झोपले' असे सांगू नये. मूल मग झोपेलाच भिते. 'ते मेले, आता परत येणार नाही, कशाने मेले ते आम्हांला ठाऊक नाही, आणि तुझ्यामुळे मेले नाही' एवढे सरळ सांगावे. शेवटचे वाक्य मुलाने विचारले नाही तरी सांगावे. पुष्कळ मुले ते मनात विचारीत असतात.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. पिल्लाने मरणापूर्वीच्या दिवसांत कोणाला चावा किंवा ओरखडा काढला असेल, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. दिवस उलटून गेले असले तरी जावे. अशा मृत्यूत रेबीजची शंका डॉक्टरांनीच फेडली पाहिजे. तेथे संकोच नको. कारण शोधायचे असेल तर देह हात न लावता पिशवीत घालून बर्फावर ठेवावा, पण गोठवू नये, आणि लवकरात लवकर शवविच्छेदनासाठी न्यावा. त्याची सोय पशुवैद्यांना विचारावी. शिरवळ आणि मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यानेही कारण हाती लागेलच असे नाही. घरात दुसरे मांजर असेल तर त्याला त्याच दिवशी दाखवावे. आणि नवे पिल्लू आणायचे असेल तर लस पुरी झालेलेच आणावे, कारण हा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. भांडी आणि फरशी बाटलीवर सांगितल्याप्रमाणे पातळ केलेल्या ब्लीचने धुवावी व पाण्याने काढून वाळवावी.

पशुवैद्यांकडून आम्ही थेट मावशींच्या घरी गेलो. माफी मागताना आमची वाक्ये लांबत चालली होती. सभेत बोलण्याची सवय अशा वेळी उपयोगी पडत नाही. त्यांनी ती मध्येच तोडली आणि विचारले, "भाऊ, पिल्लाला पुरलं कुठं? मला कोणी सांगितलंच नाही."

ते पिल्लू त्यांचेही होते. रोज सकाळी कचेरीचे कुलूप त्या उघडत, आणि ते दारातच त्यांच्या पायात येई. आमच्या चौकशीत हे विचारायचेच राहून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्या आल्या. काकांनी त्यांना कडुनिंबाखालची जागा दाखवली. दोघे तेथे थोडा वेळ उभे राहिले, आणि मग आत येऊन मावशींनी सगळ्यांचा चहा टाकला.